दहा अश्वशक्तींची मुभा
दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत, मत्स्यप्रजननाचा काळ म्हणून गोव्याचे ट्रॉलर मालीम, कुटबणच्या धक्क्यांवर नांगरून पडलेले असताना, मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावरील पारंपरिक होडीवाल्यास मात्र, त्याची होडी सरकारदप्तरी नोंदलेली असल्यास, इंजिन १० अश्वशक्तीपर्यंतचे असल्यास आणि जाळे मासा कल्ल्यांत अडकविणारे असल्यास, समुद्रात उतरण्याची मुभा असते.

ही मर्यादा मनमानी नव्हे. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. अशा दहांच्या बळावर होडी लाटा ओलांडून जाते व परतते, परंतु समुद्रतळ खरवडीत जाणारे ट्रॉलरचे अवजड जाळे तासन्‌तास ओढणे तिला साधत नाही. पाण्यात पडद्यासारखे उभे राहणारे जाळे मासा स्वतः येईपर्यंत थांबते, आणि त्याच्या आसांतून लहान पिल्ले बहुधा निसटून जातात. इंजिनाची ताकद मोजणे म्हणजे पर्यायाने मासेमारीची रीतच मोजणे होय.

सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसू लागले, तेव्हा रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, आपले नेते माथानी साल्ढाणा यांच्यासह जो लढा दिला, त्यातूनच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरांची हद्द पारंपरिक मच्छीमारांसाठी राखली गेली. मात्र नोंदणीनंतर होडीचे इंजिन बदलणे अवघड नसल्याने, माझ्या मते, तपासणी कागदावर न होता पुळणीवर, होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच, व्हावयास हवी.