कपड्यांनाही आता चार्जिंग!

मोबाइल झाला, घड्याळ झाले, आता अंगातले जाकीटही रात्री चार्जिंगला लावायचे! दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत पारा ४-५ अंशांवर उतरतो. अशा वेळी 'गरम होणारे' जाकीट काही हजार रुपयांना घरपोच मिळते. अस्तरात कार्बन तंतूंच्या पातळ पट्ट्या, खिशात पॉवर बँक आणि छातीवर बटण. बटण दाबले की काही मिनिटांत पाठ शेकू लागते.

हौस म्हणून अनेकजण ते घेतील, पण खरी गरज आहे ती सोसायटीच्या फाटकावर शेकोटी पेटवून रात्र काढणाऱ्या चौकीदाराला. हवा बिघडली की शेकोट्या बंद व्हाव्यात म्हणून दिल्लीत सोसायट्यांना चौकीदारांसाठी विजेचे हीटर द्यावे लागतात. पण हीटर राहतो केबिनमध्ये आणि चौकीदाराला तर फेरी मारायची असते!

काही हुशार कपड्यांना वीज लागतच नाही. त्यांच्या कापडात मेणासारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण असतात. अंग तापले की ते वितळून उष्णता शोषतात, गार झाले की गोठून तीच परत देतात. दिल्लीच्या आयआयटीतला 'स्मिता' हा गट अशाच नव्या कापडांवर संशोधन करतो. (नाव एखाद्या मैत्रिणीचे वाटते, पण ते इंग्रजी आद्याक्षरांवरून बेतलेले आहे.) तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय मिशनही मंजूर केले.

मग घोडे पेंड खाते कुठे? धुण्याच्या बादलीत! आपटून, पिळून बारीक तारा तुटतात, धाग्यावरचा चांदीचा मुलामा झिजतो. गुगल आणि लीव्हाइजने २०१७ मध्ये ३५० डॉलरचे जाकीट आणले होते. बाहीवरून हात फिरवला की फोनवरचे गाणे बदलायचे. ही करामत दहाएक धुणी टिकेल, असे तेव्हा सांगितले गेले. पुढे २०२३ मध्ये ते चालवणारे ॲपच बंद झाले आणि उरले साधे जाकीट. आपल्याकडे आजीचे लुगडे विरले तरी त्याची गोधडी होते!

या कपड्यांचे पुढे काय, हाही प्रश्नच आहे. दिल्लीजवळच्या पानिपतात (हो, तेच पानिपत) देशोदेशीचे जुने लोकरी कपडे पिंजून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणतात. त्याआधी कामगार बायका हातांनी बटणे, चेन काढून टाकतात. शिवणीत दडलेली तार त्यांच्या हाती कशी लागणार?

तेव्हा दुकानदाराला आधी विचारा, बॅटरी सुटी होते का? तिच्यावर बीआयएसची खूण आहे का? घरच्या मशीनमध्ये धुता येईल का? उत्तर गुळमुळीत आले तर सरळ चांगला लोकरी स्वेटर घ्या. आणि जाकीट घेऊन लडाखला विमानाने निघालात, तर पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका. ती हातातल्या सामानातच न्यावी लागते.