शेलूचा दगड आणि अलिबागची चुंबकसूची

कर्जत तालुक्यातील शेलू हे मध्य रेल्वेवरचे वांगणी आणि नेरळ यांच्यामधले छोटेसे स्थानक. येथून नेरळ, कर्जत, चौक, पनवेल, पेण, वडखळ या रस्त्याने मोटारीने निघाले, तर एका दिवसात अलिबागचा समुद्र पाहून परत येता येते. सुटीत घरच्या मंडळींबरोबर असा प्रवास घडला, तर खाऊच्या डब्याशेजारी एक चुंबकसूची, एक पट्टीचुंबक आणि एक जुना हातरुमाल अवश्य ठेवा.

निघताना माथेरानच्या डोंगराकडे नीट पाहा. त्याच्या उतारावर एकावर एक अशा आडव्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक किंवा अनेक थर. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून हा लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. त्याला ‘दख्खनचे ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. तुमच्या घरचा पाटा-वरवंटा बहुधा याच काळ्या दगडाचा, म्हणजे बसाल्टचा असेल.

आता रस्त्याकडेचा एक-दोन किलोचा बसाल्टचा दगड घ्या. सूची सपाट जागी स्थिर होऊ द्या. मोटार दूर असावी, कारण तिच्यातील लोखंड सूचीला भुलवते. दगड सूचीजवळ आणा. सूची एखाद-दुसरा अंश हलेल, काही दगडांपाशी मुळीच हलणार नाही. हलली तर दगड उलटा फिरवा. आता ती विरुद्ध बाजूला वळली, तर तुमच्या हातातला दगड स्वतःच एक दुबळा चुंबक आहे! नुसत्या लोखंडाच्या तुकड्याचे टोक बदलले, तरी सूची त्याच्याकडेच ओढली जाते.

दगडाला हे चुंबकत्व कोणी दिले? पृथ्वीने. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान 1100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक स्फटिक तयार होतात; पण 580 अंशांच्या वर मॅग्नेटाइटला कायमचे चुंबकत्व टिकवता येत नाही. या मर्यादेला क्यूरी तापमान म्हणतात. थर निवत निवत तिच्याखाली आला, की त्या वेळी तेथे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची जी दिशा असेल, ती कणांमध्ये गोठून राहते. पुढे खंड सरकला, क्षेत्र उलटले, तरी दगड आपली जुनी दिशा सोडत नाही.

ही दिशा मोजण्याचे काम लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात केले. नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ते झाले. आज आपल्याकडे मोकळी टांगलेली सूची उत्तरेकडे आणि थोडी खाली झुकते. सह्याद्रीतील बहुतेक थरांमधला ‘बाण’ मात्र दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला वळलेला आणि क्षितिजाखाली 45 ते 50 अंश झुकलेला निघाला. दक्षिणेकडे का? कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकक्षेत्र आजच्या उलट होते. पण मग आपण उत्तर गोलार्धात असतो, तर बाण दक्षिणेकडे आणि *वर* झाला असता. तो खाली आहे. म्हणजे लाव्हा निवाला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती!

किती दक्षिणेला? झुकावाच्या कोनाची टॅन्जंट ही अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असते. कोन 47 अंश धरला, तर टॅन्जंट 1.07, तिची निमपट 0.535, म्हणजे अक्षांश सुमारे 28. शेलू आज 19 उत्तर अक्षांशावर आहे. एकूण 47 अंश. एका अंशाला 111 किलोमीटर धरले, तर सुमारे 5200 किलोमीटर, म्हणजे 52 कोटी सेंटिमीटर. भागिले 6.6 कोटी वर्षे : वर्षाला जवळजवळ 8 सेंटिमीटर. हा सरासरी वेग झाला. प्रारंभी तो बराच जास्त होता, आशियाशी टक्कर झाल्यावर मंदावला.

चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, थरच नंतर कलला असेल तर? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर वाटेतच मिळते. कर्जतकडे आडवे दिसणारे थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेला, समुद्राकडे वाकलेले आहेत. अशा ठिकाणी आधी थराचा कल मोजून तेवढा कोन वजा करावा लागतो. या विषयाला वाहिलेली भारतीय भूचुंबकत्व संस्थाही नवीन पनवेललाच आहे.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा याच संस्थेची. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पुढे तेथील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले. ट्रामच्या रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाने सूची सतत थरथरली असती. म्हणून त्या वेळचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली आणि 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या मापनांचा सांधा जुळावा. (अलिबागचा कुलाबा किल्ला वेगळा, त्यावरूनच 1981 पर्यंत रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते.) गंमत अशी, की आजूबाजूला काळ्या दगडाची रेलचेल असूनही इमारतीसाठी दगड थेट पोरबंदरहून आणला. काळा दगड का नको, हे आता तुम्हीच सांगाल.

किनाऱ्यावर पट्टीचुंबक रुमालात गुंडाळून वाळूतून फिरवा. रुमालाला काळे कण चिकटतील. त्यांत बसाल्ट झिजून सुटलेले मॅग्नेटाइट असते. रुमाल हवाच, नाहीतर कण चुंबकावरून निघता निघत नाहीत. किल्ल्यात चालत जायचे असेल, तर ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या.

परतताना एक गणित करा. 19 अक्षांशाला वरच्या सूत्राने झुकाव सुमारे 34.5 अंश येतो. अलिबागला प्रत्यक्ष मोजलेला झुकाव याहून काही अंशांनी कमी आहे. सूत्र चुकले का? नाही. पृथ्वीचे चुंबकीय अक्ष आणि भौगोलिक अक्ष आज नेमके जुळत नाहीत, आणि क्षेत्रही साध्या पट्टीचुंबकासारखे नाही. हजारो वर्षांच्या सरासरीत हा फरक बराचसा पुसला जातो. म्हणूनच संशोधक एका दगडावर निष्कर्ष काढत नाहीत. घाट चढत थरामागून थर तपासतात.