साइट शोधताय? शिरूर-दौंड आहे ना!

सिव्हिलच्या थर्ड इयरला पोचलं की नोटीस बोर्डाकडे आपण जरा नीट बघायला लागतो. कुठली तरी डिझाइन स्पर्धा, कुठली तरी कार्यशाळा, कुठला तरी फेस्टिव्हल. बहुतेक जण ‘हे आर्किटेक्चरवाल्यांचं’ म्हणून कॅन्टीनकडे वळतात. उरलेले ‘हे पुण्या-मुंबईच्या पोरांचं’ म्हणतात. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत आणि शिरूर-दौंडकडच्या मुलामुलींना यात नेमकं काय मिळू शकतं, हे इथे मांडतो.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आर्किटेक्ट इमारत आखतो. अर्बन डिझायनर इमारतींच्या मधली जागा आखतो : रस्ता, चौक, घाट, बाजार, स्टँडसमोरचं पटांगण. ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नावापुढे लावायला १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार नोंदणी लागते, त्यामुळे ती आपल्याला लावता येणार नाही. पण चौकाचा विचार करायला कुणाची नोंदणी लागत नाही. आणि चौकात पाणी का तुंबतं, हे लेव्हल घेऊन सांगणारा माणूस आपल्यातलाच असतो.

स्पर्धा

स्पर्धेचं मोठेपण बक्षिसात नाही, ते निनावीपणात आहे. चांगल्या स्पर्धेत शीटवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. परीक्षकांना तुमचं कॉलेज कळत नाही, वडिलांची ओळख कळत नाही. १९८१ साली वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्ध स्मारकासाठी १,४२१ प्रवेशिका आल्या. निवड झाली ती माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. नावं लावलेली असती तर हे घडलं असतं का, याचा विचार करून बघा. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. २०१६-१७ मध्ये त्यासाठी जागतिक स्पर्धा झाली, ती चेन्नईच्या वीबी डिझाइन लॅबने जिंकली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये स्मारकाचं उद्घाटन झालं.

पण जिंकलं म्हणजे बांधलं जाईलच, असं नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८६ साली अमेरिकन आर्किटेक्ट राल्फ लर्नर यांनी जिंकली. त्या आराखड्यातला थोडाच भाग प्रत्यक्षात उतरला, बाकीचा कागदावरच राहिला. म्हणून स्पर्धेकडे लॉटरीचं तिकीट म्हणून बघू नये. ती डेडलाइन असलेली तालीम आहे.

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात जुनं व्यासपीठ म्हणजे ‘नासा’. अमेरिकेतली नव्हे, आपली! आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची ही देशव्यापी संघटना १९५७ पासून आहे. तिच्या स्पर्धा सभासद कॉलेजांपुरत्याच असतात, त्यामुळे आपल्याला थेट प्रवेश नाही. पण तिच्या लुई कान ट्रॉफीकडे लक्ष द्या. ती नव्या डिझाइनसाठी नाही, डॉक्युमेंटेशनसाठी आहे. म्हणजे जी वास्तू किंवा वस्ती आहे ती मोजून, काढून, समजून घेऊन मांडायची. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण जे कंटाळत करतो, त्याला तिथे ट्रॉफी आहे.

इंजिनिअरिंगवाल्यांना थेट दार उघडणारी स्पर्धा म्हणजे २०२०-२१ मध्ये सुरू झालेली ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’. जेवढी वीज लागते तेवढी स्वतःच निर्माण करणाऱ्या इमारती आखायच्या, टीममध्ये वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी घ्यायचे आणि प्रत्यक्षातल्या प्रकल्पावर काम करायचं, अशी तिची रचना. आर्किटेक्चरची मुलं तिथे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलवाल्यांना शोधत असतात. ‘हे आपलं नाही’ ही समजूत इथेच गळून पडते.

कार्यशाळा

कार्यशाळेला हात काळे होतात, हाच तिचा फायदा. त्यासाठी लांब जायलाही नको. शिरूर तालुक्यातच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. ‘करत करत शिकणे’ हे तिथलं सूत्र. २००२ साली तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीने जगभर पसरवलेल्या या प्रयोगशाळांच्या साखळीतली ती अगदी सुरुवातीची एक. ज्या पाबळला आपण एसटीने जाऊ शकतो, तिथे ही कल्पना कित्येक मोठ्या शहरांच्या आधी पोचली.

तिथले घुमट बघण्यासारखे आहेत. लोखंडी त्रिकोण एकमेकांना जोडून सांगाडा करायचा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा. चौकोन दाबला तर तिरका होतो, त्रिकोण होत नाही. स्ट्रक्चरल मेकॅनिक्सच्या पुस्तकातलं हे वाक्य एकदा स्वतः बोल्ट आवळून बघितलं की परीक्षेपुरतं राहत नाही.

महोत्सव

महोत्सव म्हणजे चार दिवसांचं शहर. मुंबईत १९९९ पासून होणारा काळा घोडा कला महोत्सव याचं चांगलं उदाहरण आहे. नऊ दिवस तिथल्या रस्त्यावर मांडणशिल्पं उभी राहतात, हेरिटेज वॉक निघतात, आणि नगररचनेवर बोलणंही होतं. रस्त्यावरचं मांडणशिल्प म्हणजे वारा, गर्दी, वजन आणि एका रात्रीत उभारणी या सगळ्याचं गणित.

त्याहून मोठं शहर कुंभमेळ्याचं. २०१३ च्या प्रयागच्या कुंभाचा अभ्यास करायला हार्वर्डचं पथक आलं, त्यात मुंबईचे आर्किटेक्ट राहुल मेहरोत्रा यांचा पुढाकार होता. २०१५ च्या नाशिक सिंहस्थाआधी एमआयटीचे रमेश रासकर, मूळचे नाशिकचेच, यांनी ‘कुंभथॉन’ भरवलं. गर्दी मोजण्यासाठी पावलांचा दाब ओळखणारी चटई त्यातूनच पुढे आली.

आता आपलं रांजणगाव बघा. भाद्रपदातली गर्दी, गणपतीला आलेल्या गाड्या आणि एमआयडीसीचे ट्रक, सगळं पुणे-नगर रस्त्यावर. हा प्रश्न कुंभाचाच, फक्त आकाराने लहान.

मग आपली साइट कोणती?

मुख्य मुद्दा हा आहे. स्पर्धेतले बहुतेक जण इंटरनेटवरून जागा निवडतात. ती जागा त्यांनी पावसात पाहिलेली नसते. आपण पाहिलेली असते. दौंडला रेल्वेने गाव दोन भागांत कापलंय. रुळांखालच्या कुरकुंभ मोरीची चर्चा दौंडकर वर्षानुवर्षं ऐकत आलेत. मनमाडकडची आणि सोलापूरकडची लाइन जिथे मिळते त्या जंक्शनच्या बाहेर पायी चालणाऱ्यासाठी काय आहे? शिरूरला लोक अजून घोडनदी म्हणतात, पण त्या घोड नदीकडे शहराचं तोंड आहे का पाठ? टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला लोक येतात, तिथे खडकाला धक्का न लावता कठडा कसा बसवायचा?

यातला एक प्रश्न घ्या. टीममध्ये आर्किटेक्चरचे दोघे, सिव्हिलचे दोघे पुरेत. लॅबमधून ऑटो लेव्हल मागून घ्या, लेव्हल काढा. आठवड्याच्या बाजारच्या दिवशी आणि साध्या दिवशी, सकाळ-संध्याकाळ तासभर बसून पायी, सायकल, दुचाकी, ट्रक वेगवेगळे मोजा. भाजी विकणाऱ्या मावशींना विचारा, ऊन कुठून येतं ते त्या अचूक सांगतात. मग पेन्सिल हातात घ्या. अशी शीट परीक्षकांना लगेच ओळखू येते.

फॉर्म भरण्यापूर्वी

चार गोष्टी तपासा. फी किती आणि बक्षिसाची रक्कम नियमात लिहिलेली आहे का? परीक्षक कोण, त्यांची नावं आधी जाहीर केलीत का? डिझाइनचे हक्क कुणाकडे राहणार? आणि प्रत्यक्ष बांधकाम झालं तर विजेत्याचं काय? कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्याशी नियम ताडून बघा. नुसती भारी फी आणि गुळगुळीत सर्टिफिकेट असेल, तर ते पैसे प्लॉटिंगला ठेवलेले बरे.

शेवटची गोष्ट. निकाल काहीही लागो, शीटची एक प्रत नगरपरिषदेत नेऊन द्या. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं की हरकती-सूचना मागवल्या जातात. आपल्याकडे त्या बहुतेक सात-बाराच्या काळजीतून येतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण मोजमाप केलेला नकाशा आणि गर्दीचे आकडे जोडलेली सूचना क्वचितच येते. आपल्यातले बरेच जण नोकरीसाठी चाकण, पुणे, बंगलोर गाठणार. गावाचे रस्ते मात्र कुणीतरी आखणारच, आपण मोजून दिलं तर मापाने, नाहीतर अंदाजाने. या स्पर्धेला फी नाही, बक्षीसही नाही. पण इथे आखलेली रेघ खरी होते.