नव्या अमलातील जुनी यंत्रे

ज्याच्या पडद्याकडे कोणी पाहत नाही, ज्याच्या कळफलकास वर्षानुवर्षे कोणाचे बोट लागत नाही, आणि तरीही जो बंद पडताच सारे कार्यालय खोळंबते, अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. लहान ग्रंथालये, महाविद्यालये आणि संस्था यांमध्ये ही चाकरी पुष्कळदा एखाद्या अधिकाऱ्याच्या मेजावरून निवृत्त झालेले जुने यंत्रच बजावीत असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; कारण ग्रंथसूची अथवा जमाखर्च दहा-वीस माणसांस दाखविण्याचे काम इतके हलके आहे, की दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणकही ते विनातक्रार पार पाडतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 च्या सर्वसाधारण देखभालीची मुदत संपल्यामुळे, विंडोज 11 ने दारातच अडविलेली कितीतरी यंत्रे आता लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घालून याच कामावर रुजू होतील.

संकट उद्भवते ते यंत्राच्या वार्धक्यामुळे नव्हे, तर ऑपरेटिंग सिस्टीम अथवा तिच्यावरील सॉफ्टवेअर बदलले म्हणजे. सर्व्हरचे सॉफ्टवेअर त्या सिस्टीमवर विसंबते, सिस्टीम प्रोसेसरवर विसंबते, आणि प्रत्येक जण आपल्या खालच्याविषयी काही गोष्टी निमूटपणे गृहीत धरून चालतो. 2011 च्या आरंभी इंटेलच्या ‘सँडी ब्रिज’ पिढीबरोबर एव्हीएक्स हा आज्ञासंच बाजारात आला. एकाच आज्ञेने अनेक संख्यांवर एकदम क्रिया करणे हा त्याचा विशेष. पुढे दहा वर्षांनी, 2021 साली, मोंगोडीबी या डेटाबेसने आपल्या 5.0 आवृत्तीपासून हा संच अनिवार्य केला. परिणाम असा, की कालपर्यंत 4.4 आवृत्ती सुखाने चालविणारे यंत्र नवी आवृत्ती चढविताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे दोनच शब्द उच्चारून गप्प बसते. डिस्क धडधाकट, मेमरी मुबलक, मांडणीत चूक नाही. पण आलेला हुकूम प्रोसेसरला कळतच नाही. 2011 नंतरची यंत्रेही यातून सुटली नाहीत, कारण सेलेरॉन आणि पेंटियम या नावांनी स्वस्तात विकलेल्या प्रोसेसरांना हा संच पुढेही अनेक वर्षे देण्यात आला नव्हता. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली असता जी ‘फ्लॅग्ज’ची लांबलचक ओळ उमटते, ती आधी वाचली असती तर एक अख्खी रात्र वाचली असती, असे म्हणणारे मला बरेच भेटले आहेत.

सिस्टीमचे निर्मातेही हळूहळू उंबरठा वाढवीत आहेत. रेड हॅट या लिनक्स वितरणाच्या 2022 मधील नवव्या आवृत्तीने साधारण 2008 नंतरच्या प्रोसेसरांची क्षमता मागितली, तर 2025 मधील दहाव्या आवृत्तीने ती रेषा 2013 च्या ‘हॅसवेल’पर्यंत आणून ठेवली. तिच्याच धर्तीवर चालणाऱ्या आल्मालिनक्सने मात्र जुन्या यंत्रांसाठी निराळी प्रत काढली, हा तिचा मोठेपणा. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाने ऑगस्ट 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेराव्या आवृत्तीत 32 बिटांच्या इंटेल यंत्रांसाठी ना कर्नेल दिले ना इन्स्टॉलर, आणि अशा यंत्रांवर ही आवृत्ती चढवू नये असे स्वतःच स्पष्ट बजावले.

परंतु जे सॉफ्टवेअर चालण्यास साफ नकार देते, त्याचा आपल्यावर एका अर्थी उपकारच होतो. खरे भय त्याचे, जे श्रेणीवाढीनंतरही हसतमुखाने चालत राहते आणि चुकीची उत्तरे देते. पोस्टग्रेस हा डेटाबेस अक्षरांचा क्रम ठरविण्यासाठी पुष्कळदा सिस्टीममधील जीलिबसी या संग्रहावर अवलंबून असतो. ऑगस्ट 2018 मध्ये निघालेल्या जीलिबसी 2.28 ने हा क्रमच पालटला. पूर्वी इंग्रजी लोकेलमध्ये ‘11’ आधी आणि ‘1-1’ नंतर येत असे. आता ‘1-1’ आधी येऊ लागले. बदल क्षुल्लक दिसतो, पण डेटाबेसमधील इंडेक्स जुन्या क्रमाने रचून डिस्कवर ठेवलेला असतो, आणि शोध घेताना प्रत्येक वळणावर डावीकडे जावे की उजवीकडे हे नव्या क्रमाने ठरते. एका कारकुनाने आपल्या रिवाजाप्रमाणे लावलेले दप्तर त्याच्या बदलीनंतर आलेल्या कारकुनाने भलत्याच रिवाजाने धुंडाळावे आणि ‘असा कागद दाखल नाही’ असा शेरा मारावा, तसा हा प्रकार होतो. नोंद जागेवर असते, पण सापडत नाही. सापडत नाही म्हणून तीच नोंद पुन्हा दाखल होते, आणि एका क्रमांकाची दोन पुस्तके सूचीत नांदू लागतात. डेबियन 9 वरून 10 वर, अथवा रेड हॅट 7 वरून 8 वर, डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा ठेवून गेलेल्यांना हा धोका होता. उपाय ‘रीइंडेक्स’ या एका आज्ञेचा. मात्र दुबार नोंदी शिरल्या असतील तर त्या आधी हातांनी निवडाव्या लागतात.

इतर सॉफ्टवेअरनेही आपले रिवाज बदलले आहेत: अपाचे या वेबसर्व्हरच्या 2.4 आवृत्तीने प्रवेशाचे नियम बदलले, पीएचपी या भाषेच्या 7 व्या आवृत्तीने मायएसक्यूएलशी बोलण्याची जुनी फंक्शने काढून टाकली. त्यांची बोंब लगेच उठते, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

ज्यांच्या हाती असे यंत्र आहे, त्यांना माझी विनंती एवढीच, की श्रेणीवाढीपूर्वी डेटाबेसचा संपूर्ण डंप, म्हणजे त्यातील सर्व नोंदींची उतरवून घेतलेली प्रत, घ्यावा, तो दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून पाहावा, आणि मगच जुन्या सिस्टीमला हात लावावा. नव्या घरी डंपामधूनच डेटाबेस उभा केला तर इंडेक्स नव्या क्रमानेच रचले जातात आणि वरील विघ्न मुळातच टळते. 64 बिटांच्या जुन्या यंत्रावर एवढी मेहनत घेणे सार्थ आहे. 32 बिटांचे यंत्र जपायचेच असेल तर नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम त्यास अद्याप थारा देते. पण अशा यंत्रांतील पेंटियम 4 च्या काही प्रोसेसरांची एकट्याची वीजभूक शंभर वॉटच्या घरात जाते, आणि तेच काम तळहाताएवढी रास्पबेरी पाय दहा वॉटांच्या आत करते, म्हणून चोवीस तासांच्या चाकरीतून त्याला आता मुक्त करावे हेच बरे.