दोन चौकटींच्या मधे काय घडते?

फळ्यावर दोन चौकटी काढा. पहिलीत एक मुलगा विहिरीच्या काठावर उभा आहे, हातात दगड. दुसरीत फक्त विहिरीतले पाणी आणि त्यावर पसरत जाणारी वर्तुळे. काय झाले, असे वर्गाला विचारा. मुले एका सुरात सांगतील, 'त्याने दगड टाकला.' पण दगड टाकताना आपण दाखवलाच नाही! आता पहिल्या चौकटीतला दगड पुसून टाका आणि दुसरी चौकट तशीच ठेवा. वर्ग जरा गप्प होईल. मग कुणीतरी हळूच म्हणेल, 'तो पडला.'

पाण्याचे चित्र दोन्ही वेळा तेच होते. बदल झाला तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत, आणि तिथे तर खडूची एक रेघही नाही. ती जागा वाचणाऱ्याने भरली. चित्रांच्या ओळीतून गोष्ट सांगण्याचे बरेचसे शास्त्र या कोऱ्या पट्टीत आहे. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकाराने १९९३ साली या विषयावर एक अख्खे पुस्तकच लिहिले, तेही चित्रकथेच्या रूपात. जपानी चित्रकथांनी, म्हणजे 'मंगा'ने, या पट्टीचा वापर फार कसून केला आहे.

मंगा हा शब्द आपल्या मुलांना माहीत नसेल, पण डोरेमॉन माहीत असतो. टीव्हीवर येण्याआधी डोरेमॉन ही छापील चित्रकथा होती. शिक्षकांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे, १९६९ च्या अखेरीस ती सुरू झाली ती लहान मुलांच्या इयत्तावार मासिकांत. बालवाडीची मुले आणि चौथीची मुले यांच्यासाठी तीच पात्रे घेऊन वेगवेगळ्या गोष्टी रचल्या जात. किती चौकटींत किती सांगायचे, हे वाचणाऱ्याचे वय पाहून ठरवावे लागे.

चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. लोहाऱ्याहून उमरगामार्गे कर्नाटकची हद्द ओलांडली की बसवकल्याण लागते. ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात चित्रांच्या साह्याने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. ही परंपरा महाराष्ट्रात आज पाहायची तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे लागते. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक उभी धरतात आणि वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीने कथा गातात. अशा चित्रांच्या जुडग्याला 'पोथी' म्हणतात. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

जपानमध्ये याच जातीचा एक प्रकार १९३० च्या सुमारास टोकियोच्या गल्ल्यांत पसरला. त्याचे नाव 'कामिशिबाई', म्हणजे कागदी नाटक. सायकलच्या मागे लाकडी चौकट बसवलेला माणूस येई, मुलांना गोळ्या-मिठाई विकी आणि चौकटीतले एकेक चित्र ओढून काढत गोष्ट सांगे. उत्कंठा वाढवायची असेल तर चित्र अर्धेच ओढून तो थांबे! (एकाने दुसऱ्याकडून उचलले असा याचा अर्थ नव्हे. कागद आणि गोष्ट जिथे आहेत तिथे ही युक्ती कुणालाही सुचेल.) १९५३ साली जपानमध्ये टीव्ही सुरू झाला आणि कामिशिबाई ओसरत गेली. तिची चित्रे काढणारे काही जण मग मंगाकडे वळले. शिगेरू मिझुकी हे त्यांतले मोठे नाव.

चित्रकथी आणि कामिशिबाईवाला या दोघांकडे आवाज होता. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा ते बोलून, गाऊन, थांबून भरत. छापील पानाला आवाज नाही. मग ते काम कोण करणार?

ओसामू तेझुका या चित्रकाराने यावर खूप प्रयोग केले. त्याचे शिक्षण डॉक्टरकीचे, वेड सिनेमाचे. १९४७ च्या 'नवे रत्नबेट' या त्याच्या पुस्तकाची सुरुवात एका मुलाच्या मोटारीने होते. मुलगा बंदराकडे निघाला आहे, एवढीच घटना. ती एका चौकटीत मावली असती. तेझुकाने ती अनेक चौकटींवर पसरली आणि गाडीचा वेग वाचणाऱ्याच्या डोळ्यांत आणला. याच तेझुकाने पुढे बुद्धचरित्रावर हजारो पानांची मंगा रचली.

पानावरच्या वेळेचे गणित असे चालते. लहान, अरुंद चौकटी एकापुढे एक आल्या की नजर धावते. अर्ध्या पानाची एकच चौकट आली की ती रेंगाळते. कधी चौकटींत काहीच घडत नाही. कौलांवरून गळणारे पाणी, रिकामा रस्ता, दारातली चप्पल, असे तीन तुकडे येतात आणि आपण त्यांतून पावसाळी दुपार मनात जुळवतो. मंगात असे प्रसंग विशेष आढळतात. शिवाय आवाजाचे शब्द चित्रातच मोठ्या अक्षरांत रंगवलेले असतात. जपानी भाषेत शांततेलाही आवाजासारखा शब्द आहे, 'शीऽन'! मराठी शिक्षकाला याचे नवल वाटू नये. सळसळ, कडकड, टपटप तर आपल्याकडे आहेतच, पण 'लख्ख' आणि 'चिडीचूप' यांना कुठे आवाज आहे?

आता विज्ञानाच्या तासाकडे वळू. गोष्टीत वाचणाऱ्याने कोरी पट्टी आपल्या मनाने भरली तर मजा येते. विज्ञानात मात्र तो ती चुकीची भरू शकतो. पुस्तकात चंद्रकलांची ओळ छापलेली असते. मधल्या जागांत काय होते, असे मुलांना विचारून पाहा. 'पृथ्वीची सावली पडते' असे बरीच मुले सांगतील. ते कारण ग्रहणाचे, कलांचे नव्हे. ओळीतले एकही चित्र चुकीचे नसते, तरी मुलांच्या मनातली गोष्ट चुकते. म्हणून मूल जिथे घसरते तिथे चौकटी वाढवाव्यात आणि त्याला जे ठाऊक आहे तिथे कमी कराव्यात.

लोहारा तालुक्यात हे शिकवायला एक विषय अगदी जवळचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून दमलेली गावे झोपेत असताना ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून जवळजवळ ८ हजार माणसे गेली. याहून मोठ्या भूकंपातही कुठे कुठे माणसे वाचतात. इथे एवढी का गेली? उत्तर पुष्कळसे भिंतीत आहे.

ते चार चौकटींत काढता येते. पहिली: दगडमातीची जाड भिंत मधोमध कापून दाखवलेली. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. दुसरी: जमीन हलते, मधला भराव दाबू लागतो, थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते. तिसरी: बाहेरचा थर बाहेर कोसळतो, आतला आत, झोपलेल्या माणसांवर. चौथी: भिंतीच्या आधाराचे जड माळवद खाली येते. पहिली आणि शेवटची एवढ्याच चौकटी दाखवल्या तर मुले म्हणतील, 'भूकंपाने घर पडले.' दुसरी चौकट पाहिली की त्यांना आरपार दगडाचे काम कळते.

जपानमध्ये याचा सरकारी पातळीवर उपयोग झाला आहे. टोकियो महानगराच्या प्रशासनाने २०१५ साली घरोघरी आपत्तीची माहितीपुस्तिका वाटली. राजधानीला मोठा भूकंप झाला तर काय घडेल, याची काइजी कावागुची यांनी काढलेली मंगा तिच्या शेवटी आहे.

आठवी-नववीच्या वर्गाला हा प्रयोग देता येईल. मुलांनी घरातल्या आजी-आजोबांना त्या पहाटेबद्दल विचारावे आणि आपल्या जुन्या घराच्या भिंतीचे काय झाले ते सहा चौकटींत काढावे, शब्दांशिवाय. ज्या घरातले माणूस गेले आहे तिथे शिक्षकांनी आधी स्वतः विचारून घ्यावे. नको म्हणाले तर नको. चित्रे झाली की दुसऱ्या तुकडीला द्यावीत आणि त्या मुलांनी पाहून गोष्ट सांगावी. सांगणारा जिथे अडखळेल किंवा भलतेच सांगेल, त्या दोन चौकटींच्या मधे चित्र काढणाऱ्याने आणखी एक चौकट घालावी आणि पुन्हा तिसऱ्या कुणाला तरी दाखवून पाहावी.