डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

आपल्याकडे घरोघरी गाडी आली, बायकांच्या हातात स्टिअरिंगही आलं. पण टायर, हवा, जॅक, पाना हे शब्द अजूनही पुरुषांच्याच खात्यावर जमा आहेत. ‘गाडी तू चालव, बाकीचं मी बघतो’ असं नवरे म्हणतात ते प्रेमानेच. पण हायवेवर आपण एकट्या असताना डॅशबोर्डवर एखादा पिवळा दिवा लागला, तर ‘बाकीचं’ बघायला ते तिथे नसतात! म्हणून मैत्रिणींनो, आज अशाच एका दिव्याबद्दल. घोड्याच्या नालासारखा आकार, आणि त्याच्या आत उद्गारचिन्ह. हा टायरमधल्या हवेचा दिवा.

या दिव्याची पुरती ओळख मला झाली ती धाकट्या बहिणीच्या घरी, अमेरिकेत. २०२५च्या मे महिन्यात मी मिशिगनला तिच्याकडे गेले होते. मेहुण्यांनी हौसेने घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार दारात उभी. दोनच माणसं बसतील अशी, लालभडक, जमिनीला टेकलेली. तिकडे बर्फाच्या दिवसांत अशा गाड्या कोणी बाहेर काढत नाही. पाच महिने झाकून ठेवलेली गाडी काढली, तर हा दिवा मिनिटभर लुकलुकला आणि मग तसाच लागून राहिला. मेहुण्यांनी गेज लावून चारही चाकं तपासली. हवा अगदी बरोबर!

मग दिवा का? बहिणीने गाडीचं माहितीपुस्तक काढलं. दिवा नुसता लागून राहिला तर हवा कमी आहे. पण आधी मिनिटभर लुकलुकून मग लागून राहिला, तर हवा मोजणारी यंत्रणाच बिघडली आहे, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे पहारेकरीच झोपला होता.

प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या वॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीपेक्षाही लहान असा एक सेन्सर बसवलेला असतो. चाक फिरू लागलं की तो जागा होतो, आतला दाब मोजतो आणि रेडिओ संदेशाने गाडीला कळवतो. त्याची बॅटरी साधारण सात ते दहा वर्षं चालते. ती आतच सीलबंद असते, घड्याळाच्या सेलसारखी बदलता येत नाही. बॅटरी संपली की सेन्सरच नवा घ्यायचा. बहिणीची गाडी २०१२ची. तेरा वर्षं काम करून एका सेन्सरने राम म्हटला होता.

आता घरात चर्चा सुरू. मेहुणे म्हणाले, ‘‘ताई, तुम्हीच सांगा, हवा मी दर रविवारी गेजने बघतोच. दिव्यावर चिकटपट्टी लावली की काम झालं. कशाला उगाच पैसे?’’ बहीण एवढंच म्हणाली, ‘‘लेकीला लायसन्स मिळालंय. उन्हाळ्यात हीच गाडी घेऊन ती मैत्रिणींकडे जाणार. ती लावणार आहे का गेज?’’

चर्चा तिथेच संपली.

बहिणीचं म्हणणं बरोबरच होतं. या गाडीच्या टायरच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड असतात, की हवा गेली तरी टायर बसत नाही, ताठ उभा राहतो. पंक्चर झालं तरी हळू चालवत काही अंतर जाता यावं, म्हणून तो तसा केलेला. डिकीत स्टेपनी नाहीच. सोय चांगली, पण हवा गेली हे डोळ्यांना दिसत नाही. दिव्याशिवाय सांगणार कोण?

टायरच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. कारागिराने सांगितलं, चारही सेन्सर एकाच वयाचे आहेत, एक गेला म्हणजे बाकीचे रांगेतच उभे. सेन्सर बदलायचा तर टायर रिमवरून उतरवावाच लागतो, चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करावं लागतं. दर वेळी तीच मजुरी देण्यापेक्षा चारही एकदम बदला. बहिणीने होकार दिला. सगळे मिळून पावणेतीनशे डॉलर झाले. मी मनातल्या मनात रुपये करून पाहिले आणि गप्प बसले!

त्यानंतरचा प्रकार मात्र गमतीचा. नवे सेन्सर बसवून भागत नाही. नव्या सुनेचं नाव रेशनकार्डात चढवतात, तशी प्रत्येक सेन्सरची ओळख गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये चढवावी लागते. कारागीर मोबाईलएवढं एक यंत्र घेऊन चाकापाशी जायचा, वॉल्व्हजवळ धरायचा, की गाडीचा हॉर्न आपोआप एकदा वाजायचा. क्रमही ठरलेला. आधी चालकाच्या बाजूचं पुढचं चाक, मग पलीकडचं पुढचं, मग त्याच बाजूचं मागचं आणि शेवटी चालकाच्या बाजूचं मागचं. क्रम चुकला तर हवा एका चाकात कमी आणि गाडी बोट दाखवणार दुसऱ्याच चाकाकडे! चार हॉर्न झाले, दिवा विझला.

ही यंत्रणा आधी आली तीसुद्धा स्पोर्ट्स कारमध्येच. १९८६च्या सुमारास पोर्शच्या ९५९ या गाडीत. ती साध्या गाड्यांत यायला मात्र माणसांचे जीव जावे लागले. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. धावत्या गाडीत टायरचा वरचा थर सुटून अपघात होत होते. त्या टायरशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा २७०च्या वर गेला. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे २००७च्या सप्टेंबरपासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींत हा दिवा सक्तीचा झाला. हवा ठरलेल्यापेक्षा पाव हिस्सा कमी झाली, की तो लागलाच पाहिजे.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली स्पोर्ट्स कार आणि आमचा काय संबंध? सांगते. आमच्या बचत गटातली एकजण स्वतः गाडी चालवते, सकाळी शाळेची मुलं आणि लग्नसराईत वऱ्हाड. परवा म्हणाली, ‘‘ताई, नालाचा दिवा लागतोय, पण गॅरेजवाला म्हणतो काही होत नाही, चालू द्या. टायर तर बरा दिसतोय.’’ मी तिला तिथूनच हवा तपासायला पाठवलं. मागच्या एका चाकात बत्तीसऐवजी बावीसच होती. वॉल्व्हमधून हळूहळू गळत होती. दुसऱ्या दिवशी तिला वऱ्हाड घेऊन समृद्धी महामार्गावरून जायचं होतं!

११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी आणि ५ जून २०२५ला मुंबईजवळच्या आमणेपर्यंत, असा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. उन्हात टायर फुटू नये म्हणून हवा कमीच ठेवावी, असं अनेकांना वाटतं. खरं उलट आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याने आतून तापतो, आणि वेगात तासन्‌तास तापलेला टायर दगा देतो.

आणखी एक. जुलै २०२०मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि हवेची ही यंत्रणा असेल, तर लहान गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. तेव्हा आधी आपल्या डिकीत डोकावून बघा. स्टेपनी नसेल, तर हा दिवा तिच्या जागी आहे हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय? चालकाच्या दाराच्या चौकटीवर किती हवा भरायची त्याचा तक्ता चिकटवलेला असतो, तो वाचून आकडा पाठ करा. पंपावरचा मुलगा विचारील ‘किती भरू?’, तेव्हा उत्तर तुम्ही द्या. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. पंक्चर काढायला टायर उतरवणार असतील, तर ‘आत सेन्सर आहे, जपून’ असं आधीच बजावा. वॉल्व्हजवळ पहार घातली की तो मोडतो. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज घेतला जातो; त्यांत हवा भरल्यावर रिसेटचं बटण दाबावं लागतं. तुमच्या गाडीत काय आहे, ते माहितीपुस्तकात सापडेल. पुस्तक सापडत नसेल, तर येत्या रविवारी आधी तेच शोधा. आणि दिवा लागल्यावर कोणी ‘चालू द्या’ म्हणालं, तर शांतपणे सांगा, ‘‘आधी गेज लावा, मग बघू.’’