हिवतापाच्या परजीवीचे पृष्ठप्रथिन : डासातील व सस्तन प्राण्यातील कार्य

वसई तालुक्यातील गिरीज व त्याच्या आसपासची गावे विहिरी, बावखले आणि वाड्या यांची गावे म्हणून ओळखली जातात. विहिरीचे पाणी आणि हिवताप यांचा संबंध या भागापासून जवळच असलेल्या मुंबई शहरात फार पूर्वी ध्यानात आला होता. डॉ. बेंटली यांनी १९११ साली मुंबईतील हिवतापाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात ॲनॉफेलीस स्टीफेन्साय हा डास शहरातील विहिरींत वाढतो हे दाखवून दिले होते; आणि विहिरी झाकण्याचा वा बुजविण्याचा आग्रह तेथून सुरू झाला. हा उपाय डासाच्या वसतिस्थानावरील होय. परंतु डास हा परजीवीचा केवळ वाहक नव्हे, तर त्याच्या जीवनक्रमातील एक आवश्यक आश्रयदाता आहे. डास आणि मनुष्य ही शरीरे परस्परांहून अत्यंत भिन्न असता एकच सूक्ष्म जीव दोहोंत प्रवेश कसा मिळवितो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी परजीवीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत सापडते.

डासाच्या शरीरातील अवस्था

रुग्णाचे रक्त शोषताना परजीवीच्या लैंगिक अवस्था डासाच्या जठरात जातात. तेथे नर व मादी युग्मकांचा संयोग होतो. या संयोगास पी-४८/४५ व पी-२३० ही पृष्ठप्रथिने आवश्यक असतात. संयोगातून निर्माण होणाऱ्या चल अवस्थेवर पी-२५ व पी-२८ या प्रथिनांचे आवरण असते; ही दोन्ही प्रथिने नसल्यास जठराची भिंत ओलांडणे तिला फारच कठीण जाते. भिंत ओलांडल्यानंतर तिच्या बाहेरील बाजूस एक पुटी तयार होते, आणि तीत हजारो स्पोरोझोइट जन्मास येतात. चातीसारख्या निमुळत्या आकाराचे हे जीव पुटीतून बाहेर पडून डासाच्या लालाग्रंथीत शिरतात. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली कलकत्ता येथे पक्ष्यांच्या हिवतापात हा मार्ग प्रथम स्पष्ट केला.

स्पोरोझोइटच्या पृष्ठभागावर एका प्रथिनाचे दाट आच्छादन असते. त्यास सर्कमस्पोरोझोइट प्रथिन, संक्षेपाने सीएसपी, असे म्हणतात. फाल्सिपेरम जातीत हे प्रथिन सुमारे ४०० ॲमिनो अम्लांचे असून त्याचे तीन भाग पडतात. आरंभीचा भाग, मध्यभागी ॲस्पॅराजीन, ॲलॅनीन, ॲस्पॅराजीन व प्रोलीन या चार अम्लांच्या गटाची सुमारे चाळीस वेळा होणारी पुनरावृत्ती, आणि शेवटी पेशीस चिकटण्याची क्षमता असलेला भाग. शेवटच्या टोकाने हे प्रथिन परजीवीच्या पटलात रोवलेले असते.

झाकणे व उघडणे

उंदरास बाधणाऱ्या प्लास्मोडियम बर्घाय या जातीतून सीएसपीचे जनुक काढून टाकले असता पुटीत स्पोरोझोइट घडतच नाहीत, असे १९९७ साली सिद्ध झाले. म्हणजे हे प्रथिन यकृतात शिरण्यापूर्वी, डासाच्या शरीरातच, परजीवीच्या घडणीस अपरिहार्य असते. पुढे यकृतातील पेशीत प्रवेश करतानाही तेच उपयोगी पडते. येथे एक अडचण उद्भवते. चिकटण्याचे सामर्थ्य असलेला भाग सदैव उघडा राहिला, तर परजीवी वाटेतच कोठेतरी अडकून पडेल. आणि तो मुळीच नसेल, तर घडणही होणार नाही व यकृतात प्रवेशही मिळणार नाही.

या अडचणीचा उलगडा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी केला. पुटीत घडण होत असता चिकटणारा भाग उघडा असतो. त्यानंतर आरंभीचा भाग त्यावर झाकणासारखा बसतो, आणि डासाच्या लालाग्रंथीपासून मनुष्याच्या त्वचेतून रक्तवाहिनीपर्यंतचा सारा प्रवास या झाकलेल्या स्थितीत होतो. यकृतातील पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट या गंधकयुक्त शर्करेच्या साखळ्या विपुल असतात. त्यांचा स्पर्श होताच परजीवीचे एक प्रथिनभंजक एंझाइम आरंभीचा भाग कापून टाकते, चिकटणारा भाग उघडा पडतो, आणि प्रवास संपून पेशीप्रवेश सुरू होतो. ज्या परजीवींत हा भाग कायमचा उघडा ठेवला, त्यांपैकी बहुतेक आपल्या इष्ट अवयवापर्यंत पोहोचले नाहीत. तेव्हा एकाच प्रथिनाच्या ठायी थांबण्याची व चालत राहण्याची अशी दोन परस्परविरोधी कार्ये वसतात, आणि ती केवळ रचनेतील बदलाने साधली जातात.

प्रत्यक्ष सरकण्याची शक्ती मात्र दुसऱ्या प्रथिनाकडून येते. ट्रॅप या नावाचे हे प्रथिन बाहेरच्या पृष्ठभागास आतील आकुंचनशील यंत्रणेशी जोडते. १९९७ सालीच असे दिसून आले की, ट्रॅपचा अभाव असलेले स्पोरोझोइट पुटीत व्यवस्थित घडतात. परंतु ते सरकू शकत नाहीत, डासाच्या लालाग्रंथीत शिरत नाहीत आणि यकृतातही संसर्ग निर्माण करू शकत नाहीत.

लसीच्या दृष्टीने

डास चावताना सामान्यतः काही दहा स्पोरोझोइटच त्वचेत सोडतो. परंतु यकृतात शिरलेल्या एकाच स्पोरोझोइटपासून हजारो परजीवी निपजून रक्तात उतरतात. संख्या अल्प असतानाच शत्रूस गाठणे हाच स्पोरोझोइटविरुद्धच्या लसीचा हेतू आहे. ही कल्पना भारतास नवी नाही. मलिगन, रसेल व मोहन यांनी १९४१ साली निष्प्राण केलेले स्पोरोझोइट टोचून कोंबड्यांत प्रतिकारशक्ती निर्माण केल्याचे नमूद केले होते. १९६७ साली नुसेन्झ्वाइग व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षकिरणांनी दुर्बल केलेले स्पोरोझोइट वापरून उंदरांना संरक्षण दिले. अशा प्राण्यांच्या रक्तद्रवात स्पोरोझोइटभोवती जो साका जमतो, त्यावरूनच सीएसपीचे नाव पडले. १९८४ साली फाल्सिपेरमच्या सीएसपीचे जनुक ज्ञात झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आरटीएस,एस व ऑक्टोबर २०२३ मध्ये आर-२१ या लसींची शिफारस केली. दोहोंत सीएसपीचा मधला व शेवटचा भाग कावीळ-ब विषाणूच्या पृष्ठप्रथिनास जोडलेला आहे. आर-२१ ही लस ऑक्सफर्ड येथे सिद्ध झाली आणि तिचे उत्पादन पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. आफ्रिकेतील चाचण्यांत, हंगामापूर्वी लस दिलेल्या ठिकाणी, पहिल्या वर्षात रोगाचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. प्रतिपिंडे कालांतराने ओसरतात, म्हणून तीन मात्रांनंतर वर्षाने चौथी मात्रा द्यावी लागते. आरंभीचा झाकणारा भाग या लसींत नाही. परंतु तो भाग व पुनरावृत्ती यांच्या सांध्यावर चिकटणारी मानवी प्रतिपिंडे परजीवीस प्रभावीपणे अडवितात, असे २०१८ नंतरच्या संशोधनात आढळले आहे. म्हणजे झाकण उघडण्याच्या क्रियेचा अभ्यास पुढील लसींनाही मार्गदर्शक ठरणारा आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक मर्यादा विसरता येणार नाही. या दोन्ही लसी फाल्सिपेरमच्या सीएसपीवर आधारलेल्या आहेत, आणि मुंबई व परिसरात तर व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप अधिक आढळत आला आहे. व्हायव्हॅक्सच्या सीएसपीत पुनरावृत्त होणारा गट चारऐवजी नऊ अम्लांचा असून त्याचेही व्हीके-२१० व व्हीके-२४७ असे दोन प्रमुख प्रकार आहेत. एका जातीच्या पुनरावृत्तीविरुद्धची प्रतिपिंडे दुसरीस ओळखत नाहीत. शिवाय व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त राहून महिन्यांनंतर पुन्हा ताप आणतात. त्यामुळे त्यांना यकृताच्या दारातच अडविण्याचे महत्त्व अधिकच आहे. सर्व जातींत स्थिर राहिलेले जे भाग आहेत, विशेषतः जेथे प्रथिन कापले जाते तो आखूड पट्टा, त्यांकडे म्हणूनच लक्ष वेधले जाते.

पुण्यात तयार होणारी लस आफ्रिकेतील बालकांस संरक्षण देत असता कोकणच्या किनाऱ्यावरील विहिरीस झाकण घालण्याचे महत्त्व कमी झालेले नाही. विहिरीवरील झाकण डासास अडविते. प्रथिनावरील झाकण परजीवीस मार्ग देते. पहिले घट्ट बसविणे आणि दुसरे उघडू न देणे, या दोन्ही दिशांनी प्रयत्न झाल्यासच हिवतापाचे चक्र तुटण्याची आशा बाळगता येईल.